काढताना आधी ऊन

मी पत्रकांवर वाढले. माझ्या बरोबरीची मुलं तक्त्यावरच्या अननसावर बोट ठेवून अक्षरं शिकली, मी वडिलांच्या पिशवीतल्या गुलाबी कागदांवर शिकले. वडील कामगार होते आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर माझी गणितं, आईची वाणसामानाची यादी आणि पाहुण्यांसाठी चिवडा. आई अजून चिडवते, की या पोरीनं आधी 'जाहीर' म्हटलं आणि मग 'आई'.

त्यामुळे आमच्या भागातल्या एका वाचनमंडळानं जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पुस्तकं भरली आणि गावोगाव नेणारं माणूस शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी जाणार का, हे घरात कोणी विचारलंसुद्धा नाही. नातेवाइकांनी विचारलं. एकटी मुलगी, जंगलातले रस्ते, बाहेर झोपणं. मी म्हटलं, बाहेर नाही, गाडीत झोपणार आहे. गाडी हेच घर.

आणि ते घर होतंच. सीट काढून दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या फळ्या ठोकलेल्या. मागे माझी खाट, मग प्लायवूडची भिंत, तिच्यातल्या दाराला माझ्या बाजूनं कडी. पुढे गॅसची शेगडी, पाण्याचा ड्रम आणि ड्रायव्हरच्या मागच्या लांब बाकावर भाऊंची पथारी. टपावर दोन सोलर पॅनल. त्यांच्या वायरी छपराच्या भोकातून आत यायच्या आणि भिंतीवरच्या एका छोट्या डब्यात शिरायच्या. त्याला म्हणतात चार्ज कंट्रोलर. टपावर ऊन कधी जास्त, कधी कमी. खाटेखालच्या बॅटरीला मात्र झेपेल तेवढंच हवं. मधला हा डबा पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखा, पान बघून वाढणारा. त्याच्या जोरावर आमचे दिवे, पंखा, माईक, छोटा प्रिंटर आणि गावातल्या लोकांचे मोबाईल चालायचे. अहेरीच्या पलीकडे लाईट गेली की कधी येईल त्याचा भरवसा नसतो. अशा गावात संध्याकाळी आमची गाडी उभी राहिली की पोरं, बाया, म्हातारे आपोआप दिव्याखाली येऊन बसायचे. काही नुसते मोबाईल लावून बसायचे. बसता बसता एखादं पुस्तक हातात घ्यायचे. आम्हाला तेवढं पुरे होतं.

भाऊ म्हणजे आमचे ड्रायव्हर. वडशाजवळच्या नदीकाठच्या गावातले ढिवर, मासे धरणाऱ्या घरातले. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी झाडीपट्टीच्या नाटक कंपनीचा ट्रक हाकला. पडदे, पेट्या, राजाचं सिंहासन सगळं घेऊन गावोगाव. मग गुडघे गेले. पाण्यात उतरून जाळं टाकणं सुटलं, ट्रकवर चढउतार करणं सुटलं. आमची गाडी तेवढी त्यांना चालवता येत होती, आणि त्यांच्यासारखी ती दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. घरी बसून सुनेच्या हातचा चहा पिण्याची वेळ येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. तसं ते बोलून दाखवायचे नाहीत. पण कुठं मुक्काम दोन दिवस लांबला की खुलायचे.

आमचं पहिलं भांडण डॅशबोर्डवरून. त्यांनी तिथं देवीचा छोटा फोटो चिकटवला होता. मी शेजारी आमच्या मंडळाचं पत्रक लावलं.

"बाई, तुमच्या कागदाले डोळे नाईत," भाऊ म्हणाले. "माझ्या देवीले आहेत. रस्ता कोन पाहील?"

"रस्ता तुम्ही पाहा, भाऊ. पगार त्याचाच आहे."

ते हसले. मग ठरलं, डॅशबोर्ड अर्धा त्यांचा, अर्धा माझा. मधे घड्याळ. या सीमेवरून आमच्यात पुढे रोज वाद झाला आणि भांडण एकदाही झालं नाही. त्यांनी मला कधी हात जोडायला सांगितलं नाही. मी त्यांना फोटो काढायला सांगितलं नाही. पण पत्रक लिहायचं ते लिहिलंच. त्याचं शीर्षक होतं, 'यंत्राला पूजा नको, निगा हवी'. खांडेनवमीला लोक नांगर, पंप, गाड्या, शिलाई मशीन धुऊन हळदकुंकू लावतात आणि उरलेलं वर्ष त्यात तेलाचा थेंब घालत नाहीत, असा सगळा मजकूर. मला तो आवडला होता. अजूनही आवडतो.

त्या वर्षी खांडेनवमीला आमची गाडी चामोर्शीजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर उभी होती. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा. तिथं जमणारी माणसं पुस्तकं घेऊन जातात. वर्षभर आम्ही जेवढे हात शोधत हिंडतो, तेवढे तिथं आपण होऊन पुढे येतात. आमचा स्टॉल गाडीतच लागायचा आणि दिवे, माईक सगळं गाडीच्या बॅटरीवर.

सकाळी भाऊ म्हणाले, "बाई, तुमी जा गावात. मी गाडी धुतो."

धुतो म्हणजे काय ते मला कळत होतं. मला ते पाहायचं नव्हतं आणि त्यांना दाखवायचं नव्हतं. मी बचत गटाच्या बायांकडे निघून गेले.

ऊन चढल्यावर परत आले तर पाळीवर पोत्यांची रांग अंथरलेली आणि तिच्यावर एकेक वस्तू मांडलेली. जॅक, पाने, स्टेपनी, भाऊंच्या वडिलांचं जुनं फेकजाळं, माझा प्रिंटर आणि शेवटी आमची बॅटरी. प्रत्येकावर हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडू. बॅटरीच्या दोन टोकांच्या बरोबर मधे दोन फुलं. आणि प्रिंटरवर दगडाखाली माझं पत्रक. भाऊंनी त्यालाही कुंकू लावलं होतं. ठिपका नेमका 'नको' या शब्दावर पडला होता.

"हे मुद्दाम केलं ना?"

"नाई जी. वाऱ्यानं उडत होतं, बोट जिथी पडलं तिथी पडलं." चेहरा अगदी साधा.

"आणि बॅटरी काऊन काढली?"

"वर्षभर खाटेखाली रायते बिचारी. आपल्याले उजेड देते अन् सोता अंधारात. म्हटलं, एक दिवस तिले बी ऊन दाऊ."

मला हसू आलं. टपावर पाहिलं, पॅनलही धुऊन पुसून लखलखीत केलेले. पावसाळा संपलेला, आभाळ कोरं, ऊन थेट काचेवर. भाऊंनी जीव ओतून गाडी धुतली होती.

दोघांनी मिळून बॅटरी उचलली, खाटेखाली सरकवली, वायरी लावल्या. लाल ती लाल, काळी ती काळी. चट्ट असा आवाज आला. डब्याच्या छोट्या खिडकीत एरवी हिरवे आकडे दिसायचे. तिथं काहीच नव्हतं. मग जळक्या प्लास्टिकचा वास आला, आणि तो गाडीभर पसरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

भाऊंनी फुलं काढली. टोकं धोतराच्या सोग्यानं पुसली. पुन्हा वायरी लावल्या. अंधार.

"कुंकू आत गेलं का?" ते पुटपुटले. मग हळूच, "माझंच काई चुकलं. नवमी लागाच्या आंधीच त नाई केली पूजा?"

मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. मला घडवण्यात त्यांचा वाटा आहे. वडिलांच्या पिशवीतली निम्मी पत्रकं त्यांनीच लिहिलेली. मी झालं ते सांगितलं. बॅटरी पूजेसाठी बाहेर काढली होती, हेही सांगितलं. लपवायचं काय त्यात?

पलीकडून सर, "पूजा? आपल्या गाडीत?"

"गाडीबाहेर, सर. पाळीवर."

"हे बघ बेटा, बघितलंस ना पूजेनं काय केलं? पूजेच्या नादापायी ऐन दीक्षाभूमीच्या तोंडावर गाडी बंद पाडली. तुम्ही चंद्रपूरला या. तिथून पुढे गाडी दुसरा ड्रायव्हर नेईल. त्यांना सांग, सामान बांधून ठेवा."

आमच्या गाडीत फोनवरचं बोलणं लपत नाही. भाऊंनी सगळं ऐकलं. ते उठले, जाळं झटकलं आणि घडी घालायला लागले.

"ठेवा ते," मी म्हटलं.

"नाई बाई. सर बराबर बोलून राह्यले. त्याईची गाडी, त्याईचा नेम."

"कुठं लिहिलाय असा नेम?"

त्यांनी प्रिंटरवरच्या पत्रकाकडे बोट केलं. "तुमीच त लिवला."

मला राग आला. भाऊंचा नाही. देव मानणारा माणूस म्हणत होता, पूजा चुकली म्हणून डबा जळला. देव न मानणारा माणूस म्हणत होता, पूजा केली म्हणून डबा जळला. दोघांचं एकमत! आणि डबा नेमका कशानं जळला हे विचारायची गरज दोघांपैकी एकालाही वाटत नव्हती. मी जे कागद वाचत वाढले, त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, की 'का' विचारल्याशिवाय कोणाचाही निवाडा करायचा नाही. तो निवाडा आमच्या बाजूच्या माणसानं केला म्हणून मी 'का' गिळणार नव्हते.

"चला," मी म्हटलं. "सोलरचं एखादं दुकान उघडं असेल."

इंजिनाची बॅटरी वेगळी, त्यामुळे गाडी चालत होती. तालुक्याच्या गावात एका गाळ्यात सोलरचं सामान विकणारा भेटला. दुकानाला झेंडूची माळ, शटरवर हळदीची बोटं. त्यानं आमचा डबा घेतला, नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाला, "दसऱ्याची केस."

"म्हणजे?"

"धुवाले बॅटरी काढली ना? पॅनल तसंच ठेवून?"

"हो."

त्यानं पायानं एक खोकं पुढे ढकललं. आत तसलेच मेलेले डबे. "दरसाल असेच येतात. पंपवाले येतात, बँडवाले येतात. दसरा म्हंजे आमचा सीझन, बाई."

भाऊ त्या खोक्यात वाकून बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डबा जळल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली होती.

"पण जळतो कशानं?" मी विचारलं.

"ऊन काई बटनानं बंद होते का? पॅनलवर पडलं की करंट येनारच. बॅटरी हाये तोवर त्याले जागा हाये. बॅटरी काढली, मंग तो जाईन कुठी? पुरा जोर डब्यावर. त्यात तुमचे दोन पॅनल, एकामागं एक जोडलेले. मंग त डबा गेलाच म्हनून समजा." त्यानं हात झटकले. "काढताना आंधी पॅनल, मंग बॅटरी. जोडताना आंधी बॅटरी, मंग पॅनल. बस, एवढंच."

एवढंच! भाऊंची नोकरी ज्याच्यापायी जात होती ते एवढंच होतं, आणि ते एका वाक्यात मावत होतं.

"मग विकताना हे सांगत का नाही?"

"कोनी इचारत नाई."

"पाटी लावा."

"पाटी लावली त मी सीझनले काय विकू?" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. भाऊही हसले. मी नाही हसले.

नव्या डब्यासोबत सूचनेचा कागद होता. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला चिनी. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. वस्तू विकताना आमची माणसं चालतात, आमचं ऊन चालतं, आमची भाषा तेवढी चालत नाही. आणि वस्तू जळली की आमच्या माणसाला अडाणी म्हणायला सगळे तयार. अडाणी कोण? ज्याला सांगितलंच नाही तो, की ज्यानं सांगायचं राखून ठेवलं तो? मी हे दुकानात मोठ्यानं म्हटलं. गिऱ्हाईक थांबून बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "बाई, चहा घ्या."

चहा घेतला. मग तो म्हणाला, "द्या, मी जोडून देतो."

"नाही. आम्ही जोडणार. तुम्ही फक्त बघा, चुकलं तर ओरडा."

दुपार डोक्यावर. टपावर पॅनल तापलेले. त्यांच्यावर झाकायला जाड काही हवं होतं. स्टॉलसाठी आणलेला कापडी फलक होता, गडद निळा, लांबच लांब. भाऊ गुडघा सांभाळत शिडीवर चढले, फलक दुहेरी करून पॅनलवर पसरला आणि कडेला चार पाने ठेवले. सकाळी ज्यांना कुंकू लावलं होतं तेच.

खाली आल्यावर दुकानदार म्हणाला, "अंगठी काढा, भाऊ."

भाऊंनी तांब्याच्या अंगठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे बी अंधश्रद्धेत येते का, बाई?"

"नाही भाऊ. हे विजेत येतं. माझ्या बांगड्याही काढते."

सगळे दिवे-पंखे बंद केले. आधी पॅनलच्या दोन वायरी जुन्या डब्यातून सोडवल्या आणि दोन्हींच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळली, एकमेकींना शिवू नयेत म्हणून. मग बॅटरीच्या. जुना डबा भिंतीवरून उतरला. त्याच्या जागी नवा. आता आधी बॅटरी. खिडकीत हिरवे आकडे उमटले आणि भाऊंनी तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेतलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग पॅनलच्या वायरी, आणि त्यांच्या वाटेत एक खटका बसवला, म्हणजे पुढच्या वेळी टपावर चढायला नको, खटका पाडला की ऊन दारातच थांबेल. शेवटी फलक काढला. आकडे वर सरकायला लागले.

"पुन्हा करायचं," मी म्हटलं.

"काऊन? झालं त."

"हातात बसलं पाहिजे."

भाऊंनी सगळं पुन्हा काढलं, पुन्हा जोडलं. दुकानदार एकदाही ओरडला नाही. दुसऱ्या वेळी तर तो आत जाऊन गिऱ्हाईक करायला लागला.

चंद्रपूरला आम्ही वेळेवर पोहोचलो. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे. गाडीचं दार उघडलं की रांग लागली. मी पुस्तकं देत होते, भाऊ माईक सांभाळत होते. सर आले ते थेट भाऊंसमोर उभे राहिले आणि नमस्कार न करता म्हणाले, "चावी."

भाऊंनी चावी पुस्तकांच्या ढिगावर ठेवली. सरांनी ती उचलण्याआधी मी हात ठेवला.

"सर, आधी बोलू."

"बोलण्यासारखं काय आहे? माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. गावानं त्यांना मजुरी देणं बंद केलं. तरी त्यांनी देव परत आणले नाहीत. आणि त्यांच्या नातवाच्या मंडळाच्या गाडीत कुंकू?"

ही गोष्ट खोटी नव्हती, आणि लहानही नव्हती. तशीच गोष्ट माझ्याही घरात आहे. पण भाऊ मान खाली घालून उभे होते, आणि ते मला बघवत नव्हतं.

"सर, पूजेनं पाऊस पडतो?"

"काय?"

"पडतो?"

"नाही."

"पूजेनं आजार बरा होतो?"

"बेटा, हे तू मला शिकवतेस?"

"पूजेनं बॅटरी चार्ज होते?"

"नाही होत!"

"मग पूजेनं कंट्रोलर जळतो कसा?"

रांगेत एक म्हातारी दिनदर्शिका हातात घेऊन उभी होती. ती खळखळून हसली. "पोरीनं बराबर धरलं जी, गुरुजी."

सरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू पूजेची बाजू घेतेस."

"मी आपल्या पत्रकाची बाजू घेते. पूजेनं काही होत नाही, असं आपण छापतो. काही नाही म्हणजे काहीच नाही. चांगलं नाही, तसं वाईटही नाही. आपल्या सोयीनं अर्धं वाचायचं नाही. डबा जळला कारण बॅटरी काढली तेव्हा पॅनल उन्हात जोडलेलं होतं. नुसती धुवायला काढली असती तरी जळला असता. तुम्ही काढली असती तरी जळला असता. आपण 'निगा हवी' असं मोठ्या अक्षरांत छापलं आणि निगा म्हणजे काय ते कोणालाच सांगितलं नाही. यांना काढायचं असेल तर आधी तो कागद मागे घ्या."

मग सरांनी वाट काढली. ती सोपी होती. भाऊंकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा करणार नाही, एवढं म्हणा. विषय संपला."

मी भाऊंकडे पाहिलं. तीन शब्द म्हटले की गाडी त्यांची. कोणी पडताळायला येणार नव्हतं.

"करीन जी," भाऊ म्हणाले. "पुढल्या साली बी करीन. या पोरीशी मी खोटं नाई बोललो, तुमच्याशी काऊन बोलू? पन बॅटरी काढाच्या आंधी खटका पाडीन."

"मग उतरा."

"मग मीही उतरते," मी म्हटलं. "आणि उतरल्यावर पहिलं पत्रक मंडळाच्या विरोधात."

"मजकूर?"

"जाहीर निषेध. बाकीचा रात्री सुचेल."

सरांनी माझा हात बाजूला केला आणि चावी खिशात टाकली. "छापण्याआधी मला दाखव. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतात तुझ्या." आणि गर्दीत निघून गेले.

दिवसभर आम्ही काम केलं. भाऊंनी दुपारी जेवण घेतलं नाही. जाळ्याची घडी बाकावर तशीच होती, वर त्यांची पिशवी. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा सर परत आले. रांगेत न थांबता मागच्या दारानं आत चढले, भिंतीवरच्या डब्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "दाखवा."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दाखवा की."

"घड्याळ काढा जी, सर," भाऊ म्हणाले.

"का?"

"धातूचं आहे. हातावर करंट घ्याचा का?"

सरांनी घड्याळ काढलं. चाळीस वर्षं वर्गाला ओळीत उभं करणारा माणूस भाऊंच्या मागे ओळीत उभा राहिला. भाऊंनी दिवे बंद केले. बाहेर आरडाओरड झाली, मी 'पाच मिनिटं' म्हणून ओरडले. खटका पाडला. पॅनल सोडवलं. मग बॅटरी. मग उलट क्रमानं पुन्हा सगळं. प्रत्येक पायरीला सर विचारायचे, "हे आधी का?" आणि भाऊ सांगायचे. एका ठिकाणी अडले, तिथं मी सांगितलं. दिवे लागले. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी घड्याळ मनगटावर चढवलं. खिशातून चावी काढली आणि डॅशबोर्डवर ठेवली, देवीच्या बाजूला नाही आणि माझ्याही बाजूला नाही, मधल्या घड्याळापाशी.

"हे सगळं लिहून काढ," मला म्हणाले. "पुढच्या दसऱ्याआधी प्रत्येक गावात गेलं पाहिजे. आणि पूजेचं पत्रकही जाणार. तेही थांबायचं नाही."

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही." आणि जाता जाता भाऊंना, "तुमच्या पूजेशी माझं भांडण संपलेलं नाही."

"नाई संपाले पायजे जी," भाऊ म्हणाले. "रस्ता लंबा आहे."

ते पत्रक मी लिहिलं. 'काढताना आधी ऊन, जोडताना आधी बॅटरी.' खाली चार ओळी, मोठी अक्षरं, आणि पॅनल कसं झाकायचं त्याचं चित्र. माझ्या इतर पत्रकांत बाजारातले लोक भजी बांधून नेतात, आणि त्याचं मला दुःख नाही, भजी खाता खाता वाचतात. हे मात्र घडी घालून खिशात ठेवायचे. काही जण दुसरं मागून घ्यायचे, जावयासाठी, शाळेसाठी. तो दुकानदार चामोर्शीच्या बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, माझा सीझन खराब करून राह्यल्या तुमी." त्याला मी दहा प्रती दिल्या. त्यानं त्या घेतल्या. लावल्या की नाही, ते बघायला मी जाणार आहे.

पुढच्या खांडेनवमीला गाडी पुन्हा तलावाच्या पाळीवर होती. या वेळी मी गावात गेले नाही.

"बाई, खटका पाडला का?" भाऊंनी खाटेखालून ओरडून विचारलं.

"पाडला."

"पाहून सांगा."

"पाहूनच सांगते आहे, भाऊ."

बॅटरी बाहेर आली, पोत्यावर बसली, उन्हात. हळद, कुंकू, झेंडू. मी हाताची घडी घालून शेजारी उभी राहिले. हात जोडले नाहीत आणि त्यांनी जोडा म्हटलं नाही. नवं पत्रक त्यांनी प्रिंटरवर ठेवलं आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

"त्याला नको," मी म्हटलं.

"याच्यानंच त माझी गाडी रायली." त्यांनी ठिपका लावला.

मी तो पुसला. त्यांनी परत लावला. मी परत पुसला. कागदावर आता फिकट तांबडा डाग पडला होता, आणि खालची अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.